खडूला दोन वर्षे, यंत्राला तीन दिवस

सन २०२० च्या भाद्रपदातील ही गोष्ट आहे. मुळशीच्या जलाशयाकाठी आमचे माले गाव. तेथील पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस तो सांगावयास नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांस सांगून पटावयाचा नाही. त्या सायंकाळी देवापुढे दिवा लावून मी माजघरात जपमाळ घेऊन बसलो होतो, तोच स्वयंपाकघरातून एका परक्या गृहस्थाचा आवाज येऊ लागला. अध्यापनात तंत्रज्ञानाचे स्थान काय, या विषयावर ते गृहस्थ मोठ्या अस्खलितपणे बोलत होते. टाळेबंदीच्या दिवसांत घरात परका मनुष्य कसा, म्हणून उठून पाहिले, तो काय! पिठाच्या डब्यास टेकून सूनबाईंचा मोबाइल उभा होता, आणि सूनबाई त्याकडे पाठ करून पोळ्या लाटीत होत्या.

"हे कोण ग?" मी विचारले.

"माझं प्रशिक्षण चाललंय, बाबा."

"मग तू ऐकते आहेस कुठे?"

"ऐकायचं नसतं हो, चालू ठेवायचं असतं. शेवटपर्यंत चाललं की प्रमाणपत्र येतं."

मला हसू आले. हसू ओसरल्यावर मात्र थोडी लाज वाटली. सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि कामात कुचराई करणाऱ्यांतल्या नाहीत. मार्चपासून शाळा बंद होती. ज्या घरी मोबाइल नव्हता अशा मुलांकरिता त्या स्वहस्ते स्वाध्याय लिहून, छत्री सावरीत, वाडीवर पोहोचवून येत असत. अशी मुलगी जर प्रशिक्षणाकडे पाठ करून पोळ्या लाटीत असेल, तर दोष तिचा म्हणावा की त्या प्रशिक्षणाचा? शिवाय तिने दिलेले हे उत्तर मी स्वतः चौदा वर्षांपूर्वी, तोंडाने नव्हे तर वर्तनाने, दिलेले होते. तिच्याजवळ निदान पोळ्यांचे निमित्त होते. माझ्याजवळ तेही नव्हते.

मी मॅट्रिक झालो तो १९७६ साली. घरी वडिलांजवळ अमरकोश, रूपावली आणि रघुवंशाचे काही सर्ग झाले होते. पुढे पाठशाळेत राहून थोडे व्याकरणही केले. त्या काळी मॅट्रिकनंतर अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली की प्राथमिक शिक्षक होता येत असे. ती दोन वर्षे आम्ही काय केले, असे आज कोणी विचारले तर मी सांगेन, आम्ही खडू धरावयास शिकलो. वाचकांस ही अतिशयोक्ती वाटेल. परंतु खडू व फळा हेही एक यंत्रच आहे आणि त्याचे शास्त्र लहान नाही. नवा खडू आधी मधोमध मोडावा, म्हणजे तो फळ्यावर किंचाळत नाही. फळा पुसावा तो वरून खाली, आडवा पुसल्यास धूळ पहिल्या रांगेतील मुलांच्या नाकात जाते. अक्षर किती मोठे काढावे याचे माप आपल्या डोळ्यांनी घ्यावयाचे नाही, वर्गाच्या शेवटी जाऊन घ्यावयाचे. आणि सर्वांत मुख्य नियम असा की, लिहिताना अर्धे अंग मुलांकडे ठेवावे, फळ्याशी बोलू नये.

हा शेवटचा नियम अंगवळणी पडावयास मला फार दिवस लागले. सराव पाठाच्या वेळी आमचे एक वृद्ध प्राध्यापक शेवटच्या बाकावर जाऊन बसत. त्यांच्या हातात एक जुना पैसा असे. शिकविणाऱ्याने वर्गाकडे पाठ केली की तो पैसा बाकावर आपटावयाचा, टक्! एक शब्द बोलावयाचा नाही. पहिल्या पाठात माझ्या वाट्यास ही टकटक इतक्या वेळा आली की मुलेच ती मोजू लागली. सायंकाळी पाठटाचणाची वही घेऊन त्यांच्यापुढे उभे राहावे, त्यांनी चार वाक्ये बोलावीत, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ दुसऱ्या तुकडीस पुन्हा घ्यावा. असे दोन वर्षे चालले. एवढे झाल्यावर मग सरकारने आम्हांस खडू वापरण्याचा परवाना दिला.

पुढे यंत्रे आली. १९८४ साली पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली, आणि मुलांसाठी मराठीत केलेले तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. १९८७ नंतर केंद्र सरकारच्या योजनेतून प्राथमिक शाळांस रेडिओ-कॅसेट यंत्रे आणि वरच्या इयत्तांच्या शाळांस रंगीत दूरदर्शन संच मिळू लागले. आमच्या वाडीवरील शाळेचा संच चोरीच्या भयाने मुख्याध्यापकांच्या घरी राहत असे आणि मुले तो रविवारी पाहत. त्यात त्यांचा विशेष दोष नव्हता. कार्यक्रम ज्या वेळी लागे त्या वेळी आमच्याकडे तास दुसराच असे; आणि लागला तरी तो थांबविता येत नसे. मध्येच मुलाने काही विचारले तर त्यास गप्प करावे लागे, कारण पडद्यावरचा मनुष्य कोणासाठी थांबत नाही. 'बालचित्रवाणी' २०१७ साली बंद झाली. तिच्या कार्यक्रमांवर पुष्कळ गुणी माणसांनी श्रम केले होते, म्हणून ती बातमी वाचून वाईट वाटले. परंतु तो संच वापरावा कसा हे मला कोणी शिकविले नव्हते, आणि मीही कधी विचारले नाही, हे कबूल केले पाहिजे.

नंतर संगणकाची पाळी आली. २००२ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि लवकरच सरकारी नोकराच्या वेतनवाढीशी संगणकाच्या परीक्षेची सांगड घातली गेली. त्यामुळे २००६ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी पौडास वर्गास जाऊ लागलो. शेजारी बसणारा एक तरुण मोठा परोपकारी होता. माझ्या हातून माऊस निसटू लागला की तो आपला हात पुढे करी, आणि मी मान डोलवी. प्रश्नोत्तरे मी अमरकोशासारखी पाठ केली. कोणती कळ कशासाठी, हे मला आजही त्या क्रमाने म्हणून दाखविता येईल. उत्तीर्ण झालो, वेतनवाढ वाचली, प्रमाणपत्र ट्रंकेत गेले. शाळेतील संगणकास आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या लुगड्याचे आच्छादन शिवून दिले. खंडेनवमीस ते काढून त्यास हळदकुंकू व झेंडूचे फूल वाहावयाचे आणि पुन्हा झाकून ठेवावयाचे, असा त्याचा वार्षिक उपयोग होता.

तो उघडला असता तरी चालला असता असे नाही. त्या वर्षांत भारनियमन फार होते, आणि वीज जावयाची ती नेमकी शाळेच्या वेळी. आमच्या शाळेच्या ओसरीतून धरणाचे पाणी दिसते. त्या पाण्याखाली पन्नासाहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो याच पाण्यासाठी. मुंबईस वीज मिळावी म्हणून हे खोरे बुडाले, आणि ऐंशी वर्षांनी त्याच पाण्याच्या काठी मी मुलांस 'आता लाईट नाही, संगणक उद्या पाहू' असे सांगत होतो. पण हा विषय निराळा आहे. तो येथे वाढवीत नाही. विजेची सबब मला सोयीची होती, इतकेच सांगावयाचे आहे.

२०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी शाळा 'डिजिटल' करण्याची एकच लगबग उडाली. आमच्या वाडीवरील लोकांनीही वर्गणी काढली. कोणी भाताचे पोते विकून पैसे दिले, पुण्यास नोकरीस असलेल्यांनी पगारातून दिले, आणि एक प्रोजेक्टर शाळेत आला. पाठोपाठ आम्हां शिक्षकांस तीन दिवसांचे प्रशिक्षण. ते कोठे झाले हे सांगण्याची आवश्यकता नाही. एका सभागृहात साठ-सत्तर शिक्षक आणि समोर एक यंत्र. शिकविणारे गृहस्थ शिक्षक नव्हते. यंत्रे विकणाऱ्या दुकानातर्फे ते आले होते, आणि आपल्या विषयात वाकबगार होते. तार कोठे लावावी, चित्र अस्पष्ट दिसल्यास कोणते चाक फिरवावे, दिवा तापल्यास काय करावे, हे सर्व त्यांनी मन लावून सांगितले. तिसऱ्या दिवशी आमच्याच शाळेतील एक तरुण शिक्षिका उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हे दाखवून झाल्यावर मुलांना काय करायला सांगायचं?"

ते गृहस्थ क्षणभर बुचकळ्यात पडले. मग म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा, बाई. शिक्षक तुम्ही आहात."

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. परंतु उत्तर खरे होते. त्या बिचाऱ्याने आपले काम केले होते; आमचे काम शिकविण्यास कोणी आलेच नव्हते.

पहिला पाठ घेण्याचा मान ज्येष्ठ म्हणून मजकडे आला. सातवीचा वर्ग, विषय पाण्यापासून वीज कशी होते हा. खिडक्यांस गोणपाट लावले, पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर बारा मिनिटांचा चित्रपट लावला. धरण, दारे उघडल्यावर कोसळणारे पाणी, धरणाच्या पायथ्याशी फिरणारे चाक, तारांतून गावाकडे धावणारी वीज, सर्व काही रंगीत. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मी भिंतीवरील एकेक वाक्य मोठ्याने वाचून त्यावर भाष्य करीत होतो, आणि चाळीस वर्षांत एवढा रंगलेला पाठ आपण घेतला नाही असे मला वाटत होते. त्या तरुण शिक्षिका मागे उभ्या राहून मोबाइलवर काही टिपीत होत्या. गावच्या लोकांस दाखविण्यासाठी असेल, असे मी समजलो.

सायंकाळी त्या म्हणाल्या, "गुरुजी, पाहायचं का?"

मी मोठ्या हौसेने पाहावयास बसलो. वाचकहो, आपणच आपणांस पाठमोरे पाहणे ही गोष्ट मोठी विलक्षण आहे. बारा मिनिटांपैकी दहा मिनिटे माझी पाठ मुलांकडे होती. माझ्या सदऱ्यावर धरणाचे पाणी कोसळत होते, आणि मी भिंतीशी बोलत होतो. मागचे दोन मुलगे एकमेकांच्या पाटीवर काही काढीत होते. आणि तिसऱ्या रांगेत, धनगरवाड्यावरून पायी येणारी एक मुलगी हात वर करून बसली होती. तिने हात खाली घेतला, थोड्या वेळाने पुन्हा वर केला, पुन्हा खाली घेतला, आणि तिसऱ्यांदा अर्धाच वर नेऊन तो हात तिने केसांवरून फिरविला, जणू केसच सारखे करावयाचे होते. मी एकदाही मागे पाहिले नाही. त्या वेळी माझ्या कानांत शेवटच्या बाकावरील पैशाचा आवाज स्पष्ट वाजला. ज्या चुकीसाठी दोन वर्षे टकटक सोसली, तीच चूक प्रोजेक्टरने माझ्या हातून पहिल्याच दिवशी करविली होती, आणि मी टाळ्या माझ्या म्हणून घेतल्या होत्या.

बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि चहा आणावयास गेल्या. हा त्यांचा शहाणपणा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीस जवळ बोलावून विचारले, "काल काय विचारायचं होतं ग तुला?"

"काही नाही, गुरुजी."

मुलास एकदा परतविले की ते दुसऱ्यांदा सहज येत नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना ती आपण होऊन दाराशी थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, ते चाक धरणाच्या खाली होतं ना? मग आपल्या धरणाखाली का नाही? मामाच्या गावाला मी डोंगरावरून आलेले मोठे नळ पाहिलेत. आपलं पाणी तिकडं जातं म्हणतात."

तिचा मामा घाटाखाली भिऱ्याकडचा. मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून शेकडो मीटर खाली कोकणात उतरविले जाते आणि तेथे, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे, १९२७ पासून वीज तयार होते. धरण येथे आणि वीजघर डोंगरापलीकडे. चित्रपटातील धरण दुसऱ्या जातीचे होते. म्हणजे त्या मुलीचे अवलोकन बरोबर होते, तिची शंका पाठाच्या मर्मावर बोट ठेवणारी होती, आणि पाण्यास उंचावरून पडावयास लागते, चाक कोठे ठेवावे हे त्या उंचीवरून ठरते, हा सगळा सिद्धांत तिच्या प्रश्नातून आपोआप निघाला असता. वर्गातील सर्वांत उत्तम प्रश्न मी पाठ करून घालविला होता.

तो पाठ आम्ही पुन्हा घेतला. या खेपेस योजना बाईंची. चित्रपट चौथ्या मिनिटास थांबवावयाचा आणि विचारावयाचे, 'आता पाणी कुठे जाईल?' मुलांनी पाटीवर चित्र काढावे, मग पुढचे दाखवावे. यंत्र सुरू करणे आम्हांस तीन दिवस शिकविले होते. ते थांबवावे केव्हा, हे कोणी सांगितले नव्हते. मी उभा राहावयाचा तो भिंतीजवळ नव्हे, बाजूस, मुलांकडे तोंड करून. पाटीवरील चित्रे झाल्यावर बाईंनी भिंतीवर उपग्रहाने टिपलेला मुळशीचा नकाशा उघडला. पहिली दहा मिनिटे मुलांनी केवळ आपापल्या घरांचे पत्रे शोधण्यात घालविली. मी अस्वस्थ झालो, पण बाई म्हणाल्या, "असू दे, गुरुजी. घर सापडल्याशिवाय ती पुढे येणार नाहीत." मग त्या मुलीस पुढे बोलावून तिच्या हाती काठी दिली. जलाशय, त्याचा पश्चिमेचा काठ, घाटाचा कडा, आणि खाली भिरा, असे तिने दाखवीत नेले. मुळेचे पाणी एरवी पूर्वेस पुण्याकडे जावयाचे आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. भिऱ्यास उतरलेले पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्रास जाते. हे ऐकून मागच्या बाकावरील, पाटीवर काही तरी काढणाऱ्या त्या दोघांपैकी एक ओरडला, "म्हणजे नदीच उलटी फिरवली की!" त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. पण तास संपल्याची घंटा झाल्यावरही मुले उठेनात.

यानंतर या विषयावर हाती येईल ते वाचावे असा नाद मला लागला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतर 'सूक्ष्म अध्यापन' नावाची पद्धत निघाली. होतकरू शिक्षकाने चार-पाच मुलांपुढे लहानसा पाठ घ्यावयाचा, त्याची चित्रफीत त्यानेच पाहावयाची, आणि पाठ पुन्हा घ्यावयाचा. म्हणजे बाईंनी जे आपल्या बुद्धीने केले ते थेट शास्त्रोक्त होते! आपल्याकडील अध्यापक विद्यालयांतही ही पद्धत पुढे रूढ झाली. मात्र चित्रफितीचे यंत्र बहुतेक ठिकाणी नसल्याने त्याचे काम निरीक्षकाच्या वहीवर भागविले जाई. आज ते यंत्र प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे आणि त्याचा हा उपयोग सोडून बाकी सर्व उपयोग होतात.

आपल्याच देशातील दुसरे उदाहरण १९७५-७६ चे. उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन नेण्याचा तो प्रयोग होता. त्यात आपला महाराष्ट्र नव्हता. त्या प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना बारा दिवसांचे विज्ञानाचे प्रशिक्षण दिले गेले. पण ते नुसते पडद्यासमोर बसविणे नव्हते. पडद्यावर पाहावयाचे, रेडिओवर ऐकावयाचे, छापील पुस्तिका वाचावयाची, आणि जागेवरच्या मार्गदर्शकासमोर प्रयोग स्वहस्ते करून पाहावयाचा, अशी ती रचना होती. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी आपणांस हे ठाऊक होते. मग मध्यंतरी ते कोठे हरवले? आणि हा विसर आपल्यालाच पडला आहे असे नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने दहा लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांस वाटले. परंतु शिकविण्याच्या रीतीत त्यांस स्थान न दिल्यामुळे मुलांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही, असा दाखला युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालात आहे. उलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या क्यूआर कोडचा गवगवा फार झाला. पण त्यांनी आधी मुलांच्या घरची भाषा शिकून पाठ्यपुस्तक त्या भाषेत आणले, आणि मग त्यास ते कोड जोडले, हेही त्या वेळी सांगण्यात आले होते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कोड राहिले, भाषा गळाली.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयी वाद लागतो. त्याचा निकाल आचार्यांस प्रश्न विचारून करावयाचा नाही, त्यांच्या शिष्यांचा प्रयोग पाहून करावयाचा, असे परिव्राजिका ठरविते. राजाचा त्यात आतला हेतू निराळा होता, हे खरे. तथापि कसोटी योग्य होती. आमच्या प्रमाणपत्रांवर आमची नावे असतात. मुलांनी काय केले याचा उल्लेख एकाही प्रमाणपत्रावर मी पाहिला नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता वर्गात कशी वापरावी याची प्रशिक्षणे निघाली आहेत. मला त्या विषयाची भीती वाटत नाही आणि त्याचा तिरस्कारही नाही. तेथेही प्रथम कळा कोठे आहेत तेच शिकविले जाईल, एवढीच शंका येते.

मी २०१७ साली सेवानिवृत्त झालो. पाठमोऱ्या गुरुजींची ही गोष्ट मी घरी कोणासही सांगितली नव्हती. सासऱ्याने सुनेपुढे आपली फजिती सांगावी, हे आमच्या घराण्याच्या चालीत बसणारे नव्हे. पण त्या भाद्रपदातल्या सायंकाळी, पोळ्या झाल्यावर, मी ती सूनबाईंस सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मोबाइलमधील गृहस्थ बोलतच होते. त्यांनी हात पुसून तो बंद केला. "बाबा, प्रमाणपत्र उद्या मिळवीन," एवढेच म्हणाल्या.

शाळा पुन्हा भरू लागल्यावर त्यांनी आणि जवळपासच्या दोन शिक्षिकांनी एक क्रम सुरू केला. महिन्यातून एकदा एकीने आपल्या वर्गात यंत्र वापरून पाठ घ्यावयाचा, दुसरीने पुढे बसून मोबाइलवर टिपावयाचे. पण शिक्षिकेस नव्हे, मुलांच्या चेहऱ्यांस. सायंकाळी तिघी आमच्या ओटीवर बसून ते पाहतात आणि लगेच पुसून टाकतात. मुलांची छायाचित्रे गावभर फिरू नयेत म्हणून. चहा सौभाग्यवती देतात आणि मधूनमधून, "तो कोपऱ्यातला पोरगा झोपलाय ग!" असे आपले निरीक्षणही नोंदवितात. ते बहुधा बरोबर असते. पहिल्या वर्षी रडारडही झाली. एका शिक्षिकेने तर आपला पाठ पाहून पुन्हा प्रोजेक्टरला हात लावणार नाही असे जाहीर केले. तिसऱ्या महिन्यात ती परत आली. यात खर्च काही नाही, वेळ मात्र लागतो, आणि वेळ हीच वस्तू आमच्या शिक्षकांजवळ उरलेली नाही. निवडणूक, जनगणना, माहितीचे तक्ते आणि तातडीचे अहवाल यांतून जो उरेल तो.

गेल्या वर्षी सूनबाईंवर आपल्या केंद्रातील शिक्षकांस प्रशिक्षण देण्याची जबाबदारी आली. सभागृहात भाषण करण्याऐवजी एका शाळेत, मुले बसलेली असताना, प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवू द्यावा अशी त्यांनी विनंती केली. बरीच पत्रापत्री होऊन अर्धा दिवस मंजूर झाला. आदल्या रात्री त्या मजकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, उद्या तुम्ही या. शेवटच्या बाकावर बसा."

"मी येऊन काय करू?"

"तुमच्या त्या सरांसारखं."

मी देवघरातून एक जुना तांब्याचा पैसा काढून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात पंचवीस मुले, भिंतीशी उभे पंधरा शिक्षक, आणि मागे मी. पाठ अपूर्णांकांचा होता. सूनबाईंनी चांगली सुरुवात केली; दोनदा चित्र थांबविले, मुलांकडून कागदाच्या घड्या घालून घेतल्या. बघावयास एवढी माणसे असल्यामुळे असेल, सहाव्या-सातव्या मिनिटास त्या भिंतीवरील आकृतीकडे वळल्या आणि तिच्याशी बोलू लागल्या. एक वाक्य झाले, दुसरे झाले. चारचौघांत सुनेचा पाणउतारा कसा करावा, असे क्षणभर मनात आले. मग मी पैसा बाकावर आपटला.

सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे पाहू लागला. सूनबाईही वळल्या, जीभ चावून हसल्या, आणि मग त्यांची दृष्टी खिडकीजवळच्या एका मुलाकडे गेली. त्याचा हात कधीपासून वर होता, कोण जाणे.

"बोल रे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी यंत्र थांबविले.